संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे काय?

'क' हे अक्षर आहे का, असे पहिलीच्या वर्गात विचारले तर मुले हसतील. 'का' मधला काना हा त्या अक्षराचाच भाग आहे का, यावरही फारसा वाद होणार नाही. पण हेच दोन प्रश्न संगणकाला विचारले, तर उत्तर कोणत्या आज्ञावलीला विचारले यावर ठरते. एक म्हणते, दोन्ही खरे. दुसरी म्हणते, 'क' अक्षर आहे, काना नाही. तिसरी म्हणते, 'क' देखील अक्षर नाही, कारण इंग्रजी सव्वीस अक्षरांच्या पलीकडे तिला काही माहीतच नाही. गंमत अशी, की तिघीही आपण 'प्रमाण' व्याख्येनुसार बोलतो असेच म्हणतात. या प्रमाण व्याख्यांचे, म्हणजेच मजकूर शोधताना वापरल्या जाणाऱ्या प्रमाण वर्णवर्गांचे परीक्षण करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

विषय तांत्रिक वाटेल, पण तो शिक्षकांच्या टेबलावर येऊन पोचला आहे. विद्यार्थ्यांची नावे मराठीत संगणकावर भरली जातात. निबंधातले शब्द मोजण्याचे काम आज्ञावलीकडून करून घेता येते. पायथॉनसारखी संगणकभाषा अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती आली आहे. अशा वेळी 'सीमा' हे नाव चुकीचे आहे असे संगणक म्हणाला, तर त्याचे कारण शिक्षकाला सांगता यायला हवे.

नमुन्याने शोध

एका लांबलचक मजकुरातून सर्व पिनकोड शोधायचे आहेत. कोणता पिनकोड, हे ठाऊक नाही. तो सहा अंकांचा असतो एवढेच ठाऊक आहे. म्हणजे आपल्याला ठराविक शब्द नव्हे, तर एक नमुना शोधायचा आहे: 'लागोपाठ सहा अंक'. असा नमुना लिहिण्याच्या संकेतपद्धतीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आपण या लेखापुरते तिला 'नमुना' म्हणू.

या कल्पनेचा जन्म संगणकाच्या कारखान्यात झाला नाही. अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली मज्जापेशींच्या जाळ्याच्या गणिती प्रतिकृतीवर विचार करताना ती मांडली, आणि १९५६ मध्ये ती छापून आली. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी नमुन्यावरून मजकुरात झपाट्याने शोध घेण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे युनिक्स प्रणालीतील 'ग्रेप' या साधनामुळे ती सर्वदूर पसरली. आज मजकूर हाताळणारी क्वचितच एखादी संगणकभाषा अशी असेल, की जिच्यात नमुन्यांची सोय नाही.

नमुन्यात 'अंक', 'अक्षर', 'मोकळी जागा' असे गट पुन्हा पुन्हा लागतात. अशा गटाला वर्णवर्ग म्हणतात. तो सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, चौकटी कंसात 'इथपासून तिथपर्यंत' असे लिहिणे. दुसरी, गटाचे प्रमाण नाव घेणे. दोन्हींचे गुणदोष आपण क्रमाने पाहू.

'पासून-पर्यंत'चा मोह

[०-९] असे लिहिले की देवनागरी शून्यापासून नऊपर्यंतचा कोणताही एक अंक चालेल, असा अर्थ होतो. रीत सुटसुटीत आहे, आणि संगणकाची बहुतेक पुस्तके इथूनच सुरुवात करतात. पण या आडव्या रेघेचा अर्थ संगणक काय लावतो? संगणकाजवळ अक्षरे नसतात, क्रमांक असतात. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या मुख्य तक्त्यासाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. त्यात 'अ' चा क्रमांक २३०९, 'क' चा २३२५, 'ह' चा २३६१, कान्याचा २३६६. आडवी रेघ म्हणजे या क्रमांकांमधले 'पासून-पर्यंत'. बाराखडी किंवा वर्णमाला यांच्याशी तिचा संबंध नाही.

इंग्रजीत हा फरक सहसा जाणवत नाही, कारण आस्की या संकेतप्रणालीत ए ते झेड ही अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने आणि मध्ये खंड न पडता मांडली आहेत. हा निसर्गनियम नव्हे, ती मांडणाऱ्यांची निवड होती. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील एब्सिडिक या संकेतप्रणालीत आय आणि जे यांच्यामध्ये, तसेच आर आणि एस यांच्यामध्ये रिकाम्या जागा आहेत. तिथे 'ए ते झेड' म्हटले, की अक्षरे नसलेले क्रमांकही त्यात शिरतात.

आता मराठी घेऊ. शाळेत शिकवलेली वर्णमाला 'ह' नंतर 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' अशी संपते. तेव्हा सर्व व्यंजने हवी असतील, तर मराठी माणूस सहज [क-ळ] असे लिहील. पण युनिकोडमध्ये 'ळ' ची जागा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये, २३५५ या क्रमांकावर आहे. त्यामुळे या कंसातून व, श, ष, स आणि ह ही पाच अक्षरे बाहेर राहतात. कुणी आणखी पुढे जाऊन [अ-ज्ञ] असे लिहिले, तर प्रकार अधिकच बिघडतो. 'ज्ञ' साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाही. तो ज, पाय मोडण्याची खूण आणि ञ अशा तीन क्रमांकांनी लिहिला जातो. म्हणून संगणक हा कंस असा वाचतो: अ पासून ज पर्यंतची अक्षरे, शिवाय पाय मोडण्याची खूण, शिवाय ञ. म्हणजे 'झ' गेला, आणि ट पासून ह पर्यंतचे सारे गेले. 'महाराष्ट्र' या शब्दातले एकही व्यंजन या कंसात बसत नाही! आज्ञावली मात्र कोणतीही तक्रार करत नाही. तिच्या दृष्टीने नमुना शुद्ध आहे.

[अ-ह] असे लिहिले तरी सुटका नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडण्याची खूण ही सर्व या पट्ट्याच्या बाहेर आहेत. 'ॲसिड' मधला 'ॲ' तर २००८ साली युनिकोडमध्ये दाखल झाला, आणि त्याला बराच पुढचा, २४१८ हा क्रमांक मिळाला. तोही बाहेरच.

नावाने बोलावण्याची सोय

या अडचणीवर उपाय म्हणून प्रमाण वर्णवर्ग आले. 'इथपासून तिथपर्यंत' असे न सांगता 'अक्षर', 'अंक', 'विरामचिन्ह' असे नावच घ्यावे, आणि त्या नावात कोण बसते हे प्रणालीने ठरवावे, ही त्यामागची कल्पना. युनिक्ससारख्या प्रणालींसाठी केलेल्या पॉझिक्स या मानकात १९९२ साली अशी बारा नावे आली. अल्फा म्हणजे अक्षर, डिजिट म्हणजे अंक, अल्नम म्हणजे अक्षर किंवा अंक, अप्पर आणि लोअर म्हणजे मोठी व लहान लिपी, स्पेस म्हणजे मोकळी जागा, पंक्ट म्हणजे विरामचिन्ह. शिवाय ब्लँक, कंट्रोल, ग्राफ, प्रिंट आणि षोडशमान अंकांसाठी एक्सडिजिट.

ही कल्पना उत्तम होती, यात शंका नाही. नमुना वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा हेतू कळतो. संकेतप्रणाली बदलली, तरी नाव तेच राहते. शिवाय प्रत्येक भाषेने आपली अक्षरे कोणती ते सांगावे, अशी जागाही या मानकात ठेवली होती. 'पासून-पर्यंत'मध्ये काय गोंधळ होतो हे युरोपीय भाषांतही दिसून आले होते. काही भाषा-मांडण्यांत लहान आणि मोठी अक्षरे शब्दकोशाप्रमाणे आलटून-पालटून येत. तिथे लहान ए ते लहान झेड मागितले, तर मोठी अक्षरेही हाती लागत. अखेर २००८ च्या पॉझिक्स आवृत्तीने मूळ मांडणीबाहेर अशा पट्ट्यांचा अर्थ निश्चित नाही असे म्हणून हात झटकले. नावाने बोलावणाऱ्यांना हा त्रास झाला नाही.

लिहिण्याच्या सोयीत मात्र हे मानक कमी पडले. वर्गाचे नाव कंस आणि अपूर्णविराम यांच्यात ठेवायचे, आणि ते सर्व पुन्हा दुसऱ्या चौकटी कंसात घालायचे: [[:अल्फा:]] अशी दुहेरी तटबंदी. बाहेरचा कंस विसरला, की नमुन्याचा अर्थ बदलून 'अपूर्णविराम किंवा त्या नावातले एखादे अक्षर' असा होतो. ही चूक इतकी सार्वत्रिक, की जीएनयू ग्रेप तर ती दिसताच काम थांबवून बरोबर रूप कोणते ते सांगतो.

म्हणून लोकांनी जवळचा मार्ग धरला. १९८७ साली आलेल्या पर्ल या भाषेने रूढ केलेली लघुरूपे सर्वांच्या हाती बसली. उलटी तिरकी रेघ आणि लहान डी म्हणजे अंक, एस म्हणजे मोकळी जागा, डब्ल्यू म्हणजे 'वर्ड', शब्दात येणारे चिन्ह. हेच अक्षर मोठ्या लिपीत लिहिले, की उलट अर्थ. दोन खुणांत काम होते, शिकवायलाही सोपे. आज बहुतेक विद्यार्थी प्रमाण वर्णवर्ग म्हणून ओळखतात ते यांनाच. आणि माझी मुख्य तक्रारही यांच्याचबद्दल आहे.

एका '५' चे तीन निकाल

आधी सोपे उदाहरण, अंकाचे. मराठी '५' हा अंक आहे का?

पायथॉन ३ मध्ये मजकुरावर अंकाचे लघुरूप लावले, तर उत्तर 'आहे' असे येते. तिथे युनिकोडमधील सर्व लिपींचे दशमान अंक त्या वर्गात बसतात, आणि '१२३' या मजकुराचे संख्येत रूपांतरही बिनतक्रार होते. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे संकेतस्थळांवरील अर्ज तपासण्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या भाषेत, तेच लघुरूप केवळ इंग्रजी पद्धतीचे दहा अंक ओळखते; तिथे '५' हा अंक नाही. तिसरा निकाल सर्वांत नवलाचा आहे. लिनक्सवर सर्रास वापरात असलेल्या जीएनयू सी ग्रंथालयात '५' हा अंक नाही, तर अक्षर आहे. कारण असे, की सी भाषेच्या मानकानुसार अंकांच्या वर्गात इंग्रजी दहा अंकांखेरीज कुणाला प्रवेश नाही. पण 'अक्षर किंवा अंक' या मोठ्या वर्गात तरी इतर लिपींच्या अंकांना जागा मिळावी, अशी त्या ग्रंथालयाच्या कर्त्यांची इच्छा होती. मग एकच वाट उरली: त्यांना अक्षरांच्या दारातून आत घेणे.

यात कोण बरोबर? प्रश्न तसा सरळ नाही. अर्जात मराठी अंकांनी वय लिहिणाऱ्याला नाकारणे अन्यायाचे आहे. पण सर्व लिपींचे अंक सरसकट स्वीकारणेही धोक्याचे ठरू शकते. बंगाली चाराचा आकडा इंग्रजी आठासारखा दिसतो. डोळ्यांना एक आणि यंत्राला दुसरे दिसावे, हे पैशाच्या व्यवहारात परवडणारे नाही. म्हणजे दोन्ही व्याख्यांना आपापली जागा आहे. आक्षेप आहे तो एकाच नावाखाली दोन्ही खपवण्याला. एकाच मापावर एका दुकानात शेर आणि दुसऱ्या दुकानात किलो लिहिलेले असावे, तसा हा प्रकार झाला.

काना कापला जातो

आता मुख्य उदाहरण, शब्दाचे. 'शाळेत घंटा वाजली' या वाक्यात किती शब्द आहेत? तीन. पायथॉनच्या नेहमीच्या नमुना-साधनाला 'वर्ड' वर्गातील चिन्हांच्या सलग रांगा शोधायला सांगा. उत्तर येईल सात: श, ळ, त, घ, ट, व, जल. काना, मात्रा, अनुस्वार, वेलांटी ही त्याच्या मते शब्दात बसत नाहीत. म्हणून जिथे जिथे ती आली, तिथे तिथे त्याने शब्द तोडला. 'मराठी' चे 'मर' आणि 'ठ' होतात. 'विज्ञान' चे चार तुकडे पडतात: व, ज, ञ, न.

याचा परिणाम नुसत्या मोजणीपुरता राहत नाही. समजा, नाव तपासताना 'सर्व चिन्हे वर्ड वर्गातील असावीत' अशी अट कुणी घातली. मग 'कमल', 'अमर', 'पवन' ही नावे स्वीकारली जातील. 'सीमा', 'मीरा', 'सुनील' नाकारली जातील. ज्या नावाला काना-मात्रा नाही, तेवढेच शुद्ध! पहिलीच्या पुस्तकातील बिनकान्याच्या शब्दांचा पाठ संगणक अजून ओलांडू शकला नाही, असेच म्हणावे लागेल. मराठीतील सर्वांत जास्त वापरले जाणारे शब्द कोणते, हे शोधू पाहणाऱ्याच्या यादीतही शब्दांऐवजी सुटी व्यंजने जमतील. त्या यादीवरून कुणी वाचनपाठ तयार केला, तर चूक मुलांच्या हातात जाईल.

असे का होते? युनिकोडने प्रत्येक क्रमांकाला एक प्रकार ठरवून दिला आहे. 'क' चा प्रकार अक्षर. कान्याचा प्रकार खूण, कारण तो एकटा उभा राहत नाही, कुणाच्या तरी अंगावर बसतो. हे वर्गीकरण व्याकरणाला धरूनच आहे, ते चुकीचे नाही. चूक पुढे होते. पायथॉनने शब्दाची व्याख्या 'अक्षर, अंक किंवा अधोरेषा' अशी केली आणि खुणांना वगळले. ज्या लिपीत स्वर हे व्यंजनाच्या अंगावर खूण म्हणून बसतात, त्या लिपीतले स्वरच त्यामुळे गळून पडले.

विसंगती आणखी एका ठिकाणी दिसते. पायथॉन ३ मध्ये चलाला देवनागरी नाव देता येते. 'मराठी' हे नाव दिले तर भाषा ते मुकाट्याने स्वीकारते. म्हणजे भाषेच्या व्याकरणात 'मराठी' हे एक अखंड नाव आहे, पण त्याच भाषेच्या नमुना-साधनाला तो एक अखंड शब्द वाटत नाही. एकाच घरात दोन न्याय.

तीन व्याख्या, तीन चाळण्या

युनिकोडच्या नमुन्यांविषयीच्या तांत्रिक मानकात, म्हणजे क्रमांक १८ च्या मानकात, यावर विचार झालेला आहे. ते समजून घेण्यासाठी तीन चाळण्यांची कल्पना करू.

पहिली चाळणी 'प्रकाराने अक्षर' अशी. तिच्यातून 'कमल' जातो, 'शाळा' अडकतो.

दुसरी चाळणी 'वर्णमालेशी संबंधित' या गुणधर्माची. त्या मानकाने अल्फा या नावाचा हाच अर्थ सुचवला आहे. यात काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि विसर्ग येतात. 'शाळा' पार होतो. पण पाय मोडण्याची खूण या गुणधर्मात बसत नाही, त्यामुळे 'शिक्षक' हा शब्द 'शिक' आणि 'षक' असा मोडतो. जोडाक्षरांवाचून मराठी कितीशी लिहिता येईल?

तिसरी चाळणी त्या मानकाने 'वर्ड' साठी सुचवलेली. तिच्यात वरील सर्व चिन्हे, सर्व प्रकारच्या खुणा, अंक, अधोरेषेसारखी जोडचिन्हे आणि शिवाय दोन अदृश्य चिन्हे येतात. ही अदृश्य चिन्हे आपल्याला उपरी वाटतील, पण मराठीला ती जवळची आहेत. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात 'ऱ' हे वेगळे अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याची खूण आणि जोडणारे अदृश्य चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ज्या वर्गात ते अदृश्य चिन्ह नाही, तो 'दऱ्या' चा एक प्रकार अखंड ठेवील आणि दुसरा तोडील.

ही तिसरी व्याख्या पर्लने स्वीकारली आहे. जावामध्ये ती एक खास खूण देऊन चालू करता येते. न दिली तर तिथेही फक्त इंग्रजी अक्षरे चालतात. जावास्क्रिप्टमध्ये लघुरूप आजही इंग्रजीपुरतेच आहे, पण २०१८ पासून युनिकोडचे गुणधर्म नावाने मागता येतात, म्हणजे 'अक्षर किंवा खूण' असा वर्ग आपला आपण बांधता येतो. पायथॉनमध्ये रेजेक्स नावाचे वेगळे साधन जोडून घेतले, तर 'मराठी' अखंड राहतो. थोडक्यात, उपाय आहेत; पण ते मागून घ्यावे लागतात. न मागता जे मिळते, ते बहुधा इंग्रजीच्या मापाचे असते.

दोष कुणाचा?

इथे परकीयांनी आपल्यावर अन्याय केला असा सूर लावणे सोपे आहे. तो मला पटत नाही, कारण वस्तुस्थिती वेगळी आहे. 'वर्ड' हा वर्ग मानवी भाषेतल्या शब्दांसाठी झालाच नव्हता. अक्षर, अंक आणि अधोरेषा ही सी भाषेतल्या चलाच्या नावात चालणारी चिन्हे. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी केलेल्या या वर्गाला 'शब्द' असे मोठे नाव मिळाले, एवढेच. इंग्रजीचेही त्याने पुरते भागत नाही. 'डोन्ट' सारख्या शब्दातील वरचा स्वल्पविराम त्यात बसत नाही, आणि तो शब्द मधोमध तुटतो. फरक इतकाच, की इंग्रजीला खरचटले, तिथे मराठीचे हाड मोडले.

तेव्हा माझा आक्षेप व्याख्येच्या अपुरेपणाला नाही. प्रत्येक व्याख्या कुठे ना कुठे अपुरीच असते. आक्षेप आहे तो नावाने दिलेले आणि व्याख्येने न पाळलेले आश्वासन याला. विज्ञानात आपण 'वजन' आणि 'वस्तुमान' वेगळे का शिकवतो? नाव एक आणि अर्थ दोन असले, की चूक होते आणि ती सापडत नाही, म्हणून. 'आम्ल', 'बल', 'कार्य' या शब्दांच्या व्याख्या आपण जितक्या काटेकोरपणे पाठ करून घेतो, तितका काटेकोरपणा 'अक्षर' आणि 'शब्द' यांच्या बाबतीत संगणकाच्या वर्गात दिसत नाही. पुस्तकात तक्ता छापलेला असतो: हे लघुरूप म्हणजे अक्षर, हे म्हणजे अंक. कुणाचे अक्षर, कोणता अंक, हे तिथे लिहिलेले नसते.

काहीजण सुचवतात, की हे वर्ग सोडून द्यावेत आणि देवनागरीचा २३०४ ते २४३१ हा पूर्ण पट्टाच कंसात लिहावा. घाईच्या वेळी ते चालून जाते. पण त्या पट्ट्यात अभंगाच्या ओळीशेवटी येणारे दंडही आहेत आणि अंकही. वर सांगितलेली अदृश्य चिन्हे मात्र त्यात नाहीत. म्हणजे आपण पुन्हा 'पासून-पर्यंत'च्या मोहाकडे परत आलो. नावाने बोलावणे हीच रीत योग्य. फक्त नावाचा अर्थ तपासून घ्यायला हवा.

सर्व दोष यंत्राच्या माथी मारू नये, हेही सांगितले पाहिजे. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. दिसायला सारखेच दिसते. पण अपूर्णविराम हे विरामचिन्ह आहे, आणि कोणतीही शहाणी व्याख्या तिथे शब्द तोडणारच. 'ॲ' साठी स्वतंत्र अक्षर आल्यानंतरही 'अ' वर चंद्र ठेवून तो लिहिला जातो; मग एकच शब्द शोधताना निम्मेच हाती लागतात. प्रमाण वर्गांकडून शिस्तीची अपेक्षा करताना आपल्या टंकलेखनातही थोडी शिस्त हवी.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रहो, हा विषय आठवी-नववीच्या मुलांनाही रंजक वाटेल असा आहे, आणि त्याची सुरुवात संगणकावाचून करता येते.

फळ्यावर 'विज्ञान' लिहा आणि त्यात किती अक्षरे, असे विचारा. मुले वि, ज्ञा, न अशी तीन मोजतील. आता संगणक काय साठवतो ते लिहा: व, वेलांटी, ज, पाय मोडण्याची खूण, ञ, काना, न, असे सात. तीन बरोबर की सात, यावर चर्चा होऊ द्या. दोन्ही बरोबर आहेत. मोजण्याचे एकक वेगळे आहे, हे मुलांच्या तोंडून आले तर पाठ यशस्वी झाला.

नंतर प्रत्येकाने आपले नाव असे सुटे करून लिहावे, आणि वर सांगितलेल्या तीन चाळण्यांतून ते जाते का ते पाहावे. काना-मात्रा नसलेली नावे एकीकडे, असलेली दुसरीकडे, जोडाक्षरांची तिसरीकडे असे गट पाडता येतील. कोणत्या गटात किती नावे आली, याचा स्तंभालेख काढला, तर गणिताचा तासही साधेल.

संगणक उपलब्ध असेल, तर एक छोटी कसोटी-यादी करून ठेवा: कमल, शाळा, शिक्षक, दऱ्या, ॲसिड, दुःख, ५०. जे साधन, जी आज्ञावली वापरायची, तिच्यातून आधी ही सात उदाहरणे काढावीत. प्रयोगशाळेत नवा तराजू आला, की आपण आधी ज्ञात वजने ठेवून तो तपासतो. त्यातलाच हा प्रकार. ही सवय एकदा लागली, की विद्यार्थी पुढे तमिळ, थाई किंवा अरबी मजकुरावर काम करतानाही तोच प्रश्न विचारील: या साधनाला 'शब्द' म्हणजे काय वाटते?

प्रमाण वर्णवर्ग वापरावेत का? अवश्य वापरावेत. 'अ ते ज्ञ' असे हाताने लिहिण्यापेक्षा ते शतपटीने बरे. फक्त 'प्रमाण' या शब्दाने निश्चिंत होऊ नये. प्रमाण कुणी ठरवले, कोणत्या लिपीसमोर बसून ठरवले, आणि आपल्या लिपीवर ते कुणी तपासून पाहिले, हे विचारणे हा विज्ञानाच्या शिक्षणाचाच भाग आहे. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी उद्या असा अर्ज तयार करील, की ज्यात कमल आणि सीमा या दोघींनाही आपले नाव नीट लिहिता येईल.